आफ्रिकेत गरोदर बाईचा मलेरिया घराला कितीला पडतो?

सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या आणि याच विषयावर पाहणी करून प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याने दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला: आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत गरोदर स्त्रियांना मलेरियाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, मग घराला खर्च कसला येतो? दुसरा: सर्वेक्षणांच्या तक्त्यांत सगळ्यात गरीब घरांचा खर्च सगळ्यात कमी दिसतो, मग गरिबांवर बोजा जास्त असं कशाच्या आधारावर म्हणायचं?

मी मूळची स्त्रीरोगतज्ज्ञ. पुढे आजारपणाचा खर्च मोजण्याच्या कामाकडे वळले आणि नायजेरियात व मोझांबिकमध्ये घरोघरी जाणाऱ्या पथकांबरोबर काम केलं. त्या अनुभवावरून आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते नीट कळलं की पहिल्याचं बरंचसं आपोआप उलगडतं.

गरीब घराचा खर्च कमी दिसतो, कारण ते घर उपचाराच्या वाटेवर मधेच थांबतं. बाईला ताप आला की पहिले दोन-तीन दिवस ती अंगावर काढते. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून चार गोळ्या आणते, पूर्ण कोर्स नाही. तेवढ्यावर ताप उतरला तर दवाखाना टळतो. सर्वेक्षणात तिच्या नावापुढे लिहिला जातो तो या चार गोळ्यांचा दाम. शेजारच्या जरा बऱ्या घरातली बाई मोटरसायकलने दवाखान्यात जाते, रक्त तपासते, पूर्ण कोर्स घेते, पुन्हा दाखवायला जाते. तिचा खर्च पाचपट भरतो. तक्ता म्हणतो, श्रीमंत जास्त खर्च करतात. तक्ता खोटं बोलत नाही, पण त्याने मोजली आहे ती खर्च करण्याची ऐपत. आजाराचा बोजा त्यात आलाच नाही.

प्रमाण काढलं की चित्र आणखी बदलतं. समजा एका घराचा महिन्याचा एकूण खर्च ४० रुपये आहे आणि आजारपणात ५ रुपये गेले. दुसऱ्याचा ३०० आहे आणि गेले १५. दुसऱ्याने तिप्पट खर्च केला, पण त्याच्या घरखर्चाचा तो विसावा भाग. पहिल्याचा आठवा भाग गेला. घराच्या एकूण खर्चाच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम उपचारावर गेली तर तो खर्च घराला पेलवत नाही असं मानण्याचा प्रघात आहे. त्या मोजपट्टीवर पहिलं घर रेषेपलीकडे जातं, दुसरं जात नाही. शिवाय पहिल्या घराच्या ४० रुपयांतले बहुतेक धान्यावर जाणारे असतात, म्हणून तिथले ५ रुपये थेट ताटातून जातात.

हा प्रश्न किती घरांचा आहे तेही पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली आफ्रिकेतल्या मध्यम ते तीव्र प्रसाराच्या ३३ देशांत सुमारे ३ कोटी ५४ लाख गर्भारपणं झाली आणि त्यांपैकी १ कोटी २७ लाख स्त्रियांना, म्हणजे ३६ टक्क्यांना, गरोदरपणात मलेरियाचा संसर्ग झाला.

आता पहिला प्रश्न. मोफत असतं ते नेमकं काय? मलेरियाची पट्टीवरची तपासणी आणि आर्टेमिसिनिनयुक्त गोळ्या. या दोन्ही वस्तू बऱ्याच देशांत आंतरराष्ट्रीय मदतीतून येतात आणि दवाखान्यात असतील तर मोफत मिळतात. ‘असतील तर’ याच शब्दांवर घराचं सगळं गणित टांगलेलं असतं. नसतील तर चिठ्ठी हातात पडते आणि बाहेरून आणायला सांगतात. त्यातही मलेरिया हा गरोदर बाईच्या तक्रारींतला एकच भाग. तिला रक्तक्षय असतो, लघवीची तपासणी लागते, कधी सलाईन लागतं. हे मोफतच्या यादीत असेलच असं नाही. हातमोजे, सुई, सिरिंज, सलाईनची नळी नातेवाइकांनी विकत आणून द्यायची, ही अनेक देशांतल्या सरकारी रुग्णालयांतली रोजची गोष्ट आहे.

देशादेशांत फरकही मोठा आहे. नायजेरियात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांच्या खिशातून जातो. मोझांबिकमध्ये हा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास आहे, कारण तिथली सरकारी सेवा नाममात्र शुल्कावर चालते आणि खाजगी दवाखाने शहरांपुरतेच. म्हणून मोझांबिकमधल्या बाईचा पैसा मुख्यतः वाटेवर आणि वेळेत जातो, नायजेरियातल्या बाईचा वाटेवरही जातो आणि औषधांवरही. ‘आफ्रिकेतला खर्च’ असा एक आकडा तुमच्या प्रबंधात लिहू नका. तसा आकडा नाहीच.

शुल्क रद्द केलं की खर्च संपतो हा समजही तपासून घ्या. १९८७ च्या बामाको उपक्रमानंतर अनेक देशांत दवाखाने रुग्णांच्या पैशावर चालवण्याची पद्धत रुजली. पुढे ती मागे घ्यायची वेळ आली. युगांडाने मार्च २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतलं शुल्क काढून टाकलं. गरिबांची गर्दी वाढली, हे मोठंच यश. पण नंतरच्या अभ्यासात दिसलं की गरीब घरांवरचा न पेलणारा खर्च कमी झाला नाही. कपाटं रिकामी असायची, माणसं औषधं बाजारातून घ्यायची. दारावरचं शुल्क गेलं, पण बिल दुसरीकडे निघायला लागलं.

नायजेरियातल्या खेड्यात ताप आल्यावर पहिली पायरी म्हणजे औषधाचं छोटं दुकान. परवान्यावर तयार औषधं विकणारी ही दुकानं, लोक त्यांना सरळ ‘केमिस्ट’ म्हणतात. दुकानदार फार्मासिस्ट असायलाच हवा असं नाही. तिथे उधारी चालते, गोळ्या सुट्या मिळतात, रांग नसते आणि दुकान संध्याकाळीही उघडं असतं. माणसं अडाणी म्हणून तिथे जातात असं म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. हातात थोडेच पैसे असलेल्या माणसाने काढलेला तो शहाणपणाचा मार्ग आहे. तोटा इतकाच की गरोदर बाईला कुठलं औषध चालतं, तिची किती पाळी चुकली आहे, रक्त तपासलं का, हे तिथे क्वचितच विचारलं जातं. अर्धवट कोर्सने ताप जातो, परजीवी राहतो, आणि काही आठवड्यांनी तेच आजारपण दुसऱ्यांदा पैसे मागतं.

पहिल्या तिमाहीतला मलेरिया तर फार काळ महागडा राहिला. त्या महिन्यांत आर्टेमिसिनिनची औषधं द्यायची नाहीत असा सल्ला होता. म्हणून सात दिवस क्विनाइन, दिवसातून तीन वेळा, जोडीला क्लिंडामायसिन. क्लिंडामायसिन बहुतेक वेळा बाहेरून आणावं लागे. क्विनाइनने कानांत आवाज येतात, मळमळतं, रक्तातली साखर उतरते, आणि अनेक जणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोळ्या सोडून देत. नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन पहिल्या तिमाहीतही देता येईल असं सांगितलं. तीन दिवसांत सहा डोस. घराच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. मात्र मार्गदर्शक सूचना बदलली म्हणून खेड्यातल्या परिचारिकेच्या टेबलापर्यंत ती लगेच पोचत नाही, तेव्हा तुमचं सर्वेक्षण कुठल्या वर्षातलं आहे ते नक्की लिहा.

प्रवासावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सर्वेक्षणं त्याला ‘इतर’ या रकान्यात टाकून मोकळी होतात. उत्तर नायजेरियात भाड्याच्या मोटरसायकलला अचाबा म्हणतात. आठ महिन्यांची गरोदर, तापलेली बाई एकटी जात नाही. सासू किंवा जाऊ बरोबर येते, म्हणजे भाडं दुप्पट. तान्हं मूल असेल तर तेही बरोबर. रात्री भाडं वाढतं, पावसात वाढतं. मे २०२३ च्या अखेरीस नायजेरियाने पेट्रोलवरचं अनुदान बंद केलं आणि लिटरमागे २०० नायरांच्या आत असलेलं पेट्रोल काही दिवसांत ५०० च्या आसपास गेलं. मलेरियाच्या एकाही गोळीची किंमत न बदलता गरोदर बाईचा मलेरिया त्या आठवड्यात महागला. आरोग्य खात्याच्या कुठल्याच हिशेबात ही वाढ दिसत नाही, कारण तो पैसा त्या खात्यातून जातच नाही.

सगळ्यात घात करतो तो ऋतू. साहेलच्या, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला लागून असलेल्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर पाऊस. डास तेव्हाच वाढतात, मलेरिया पाऊस ओसरताना शिगेला पोचतो. तेच महिने निंदणीचे. तेच महिने कणग्या रिकाम्या झालेले, मागच्या हंगामातली ज्वारी-बाजरी संपलेली आणि बाजारात धान्य सगळ्यात महाग असल्याचे. रस्ते चिखलात बुडालेले. दवाखान्यात रुग्ण सगळ्यात जास्त, म्हणून गोळ्या आणि पट्ट्या तेव्हाच संपलेल्या. म्हणजे पैसा सगळ्यात कमी असतो तेव्हाच खर्च सगळ्यात जास्त येतो. चार दिवस निंदणी बुडाली तर चार दिवसांची मजुरी जाते इतकंच नाही, तणाने पीक मारलं की पुढच्या वर्षीचं धान्य घटतं. मजुरीच्या दराने वेळेची किंमत काढणाऱ्या पद्धतीला हे नुकसान दिसत नाही. तुमची पाहणी कोरड्या महिन्यांत झाली असेल तर तुमचा आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येईल, आणि रस्ते बरे असतात म्हणून पाहण्या अनेकदा कोरड्या महिन्यांतच होतात.

आजार गंभीर झाला की हिशेबाची जातच बदलते. गंभीर मलेरियात आर्टेसुनेटची इंजेक्शनं किमान २४ तास द्यावी लागतात: दाखल होताच, १२ तासांनी आणि २४ तासांनी. प्रौढ बाईला एका वेळी ६० मिलिग्रॅमच्या दोन-तीन कुप्या लागतात. साठा असला तर ठीक, नसला तर नवरा रात्री औषधाची दुकानं शोधत फिरतो. हिमोग्लोबिन फार उतरलं असेल तर रक्त हवं, आणि अनेक ठिकाणी रक्त म्हणजे नातेवाइकांतला दाता शोधून आणायचा, त्याचं येण्याजाण्याचं भाडं, जेवण, शिवाय पिशवीचे आणि एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासण्यांचे पैसे. या टप्प्यावर घर विकायला काढतं ते शेळी, शिवणयंत्र, बियाण्याचं धान्य. सावकाराचं कर्ज निघतं ते इथे. काही देशांत बिल भागेपर्यंत बाळंतिणीला रुग्णालयातून सोडत नसत. २०१५ साली केनियाच्या उच्च न्यायालयाने असं अडकवून ठेवणं बेकायदा ठरवलं. असे गंभीर रुग्ण थोडे असतात, म्हणून सरासरी आणि मध्यक (सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) यांत मोठी तफावत पडते. दोन्ही द्या. घरं कर्जात बुडतात ती या थोड्यांतली.

पैसा कुणाच्या हातात आहे हाही खर्चाचाच भाग आहे. उत्तर नायजेरियातल्या अनेक घरांत बाईला बाहेर पडायला नवऱ्याची परवानगी लागते, आणि नवरा पेरणीला किंवा शहरात मजुरीला गेलेला असतो. पण तिच्याजवळ स्वतःचा काहीच पैसा नसतो असं समजू नका. घरात बसून चवळीचे वडे, शेंगदाण्याचं तेल, कुली-कुली (शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ) विकणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या. त्यांची अदाशी असते, म्हणजे आपली भिशी. मोझांबिकमध्ये तिलाच शितीक म्हणतात. आजारपणात पहिला पैसा बहुधा यातून येतो. आणि तो गेला की तिचं भांडवल जातं: पुढच्या आठवड्याची चवळी आणायला पैसे नाहीत, धंदा बंद. नवऱ्याला खर्च विचारला तर तो त्याच्या खिशातला सांगतो. तिला वेगळं बसवून विचारलं तरच हा पैसा कळतो. माझ्या अनुभवात घरप्रमुखाने सांगितलेला आकडा आणि बाईने सांगितलेला आकडा क्वचितच जुळतात, आणि दोघंही खरं सांगत असतात.

आता ज्या खर्चाला ‘मलेरियाचा खर्च’ म्हणून कुणी मोजतच नाही त्याकडे येते. जिथे मलेरिया बारमाही आणि तीव्र आहे तिथल्या मोठ्या स्त्रियांच्या अंगात काही प्रतिकारशक्ती असते. त्यांना ताप येईलच असं नाही. फाल्सिपारम या घातक मलेरियाचा परजीवी वारेत (प्लासेंटात) दडून बसतो आणि बोटातून काढलेल्या रक्तात तो सापडेलच असं नाही. पहिलटकरणींना याचा त्रास सगळ्यात जास्त, कारण वारेला चिकटणाऱ्या परजीवीविरुद्धची प्रतिकारशक्ती गर्भारपणांतूनच तयार होते. ताप नाही म्हणून बाई दवाखान्यात जात नाही, उपचाराचा खर्च शून्य. पण रक्त कमी होत जातं, बाळाला पोषण पोचत नाही. बाळ कमी वजनाचं जन्मतं, कधी मृत जन्मतं. सहाराच्या दक्षिणेकडच्या मलेरियाग्रस्त भागांत मृत जन्मांपैकी सुमारे पाचव्या हिश्शामागे गरोदरपणातला फाल्सिपारम मलेरिया असल्याचा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी वजनाच्या बाळाला घेऊन आई कित्येक दिवस रुग्णालयात राहते, घरची मोठी मुलं कुणाच्या तरी भरवशावर, आणि पुढचं वर्षभर खेटे चालू. दक्षिण मोझांबिकमधल्या मान्यिसा इथल्या संशोधकांनी कमी वजनाच्या बाळांचा खर्च वेगळा मोजला आहे, तो जरूर वाचा. ‘उपचाराचा खर्च’ एवढंच मोजणारा अभ्यास ही सगळी घरं शून्यावर नोंदवतो.

यातला बराचसा भाग टाळता येतो हे मला सगळ्यात जास्त टोचतं. मलेरिया होऊ नये म्हणून द्यायच्या सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच्या तीन गोळ्या, दुसऱ्या तिमाहीपासून प्रत्येक तपासणीला, दोन डोसांत किमान एक महिन्याचं अंतर, बाळंतपणापर्यंत किमान तीन डोस. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१२ पासूनचा हा सल्ला आहे. औषध जुनं, अगदी स्वस्त. परजीवीत त्याला प्रतिरोध वाढला आहे, तरी बाळाच्या वजनासाठी ते अजून उपयोगी पडतं. हा सल्ला पाळणाऱ्या आफ्रिकी देशांत २०२२ मध्ये गरोदरपणातल्या तपासणीला एकदा तरी गेलेल्या स्त्रिया ७८ टक्के होत्या. पहिला डोस मिळाला ६४ टक्क्यांना, दुसरा ५४, तिसरा ४२. ही उतरण खर्चाच्या नजरेने वाचा. ७८ ते ६४ ही गळती मुख्यतः दवाखान्याच्या दारात झाली: बाई आली होती, तिचं भाडं खर्ची पडलं होतं, तरी गोळी मिळाली नाही. ६४ ते ४२ ही गळती बरीचशी वाटेवर झाली. काहींनी पहिली तपासणीच उशिरा केली, आणि उरलेल्यांना पुन्हा पुन्हा भाडं, सोबत आणि बुडालेला दिवस परवडला नाही. एकदा येऊन रिकाम्या हाताने गेलेली बाई पुन्हा भाडं खर्चायला कचरते, म्हणून या दोन गळत्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

टिपटॉप नावाच्या प्रकल्पाने नेमकं इथेच बोट ठेवलं. युनिटएड या आंतरराष्ट्रीय आरोग्य-निधीच्या पैशातून, अमेरिकेतली जपायगो आणि बार्सिलोनाच्या आयएसग्लोबल या संस्थांनी काँगो लोकशाही प्रजासत्ताक (किन्शासा), मादागास्कर, मोझांबिक आणि नायजेरिया इथे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांच्या हाताने या गोळ्या दिल्या. तीन डोस घेणाऱ्यांचं प्रमाण एकंदरीत वाढलं, आणि घरीच गोळी मिळाली तर बायका तपासणीला यायच्या बंद होतील ही भीती खरी ठरली नाही. माझं मत स्पष्ट आहे: आधीच स्वस्त असलेली गोळी आणखी स्वस्त करून फारसं काही हाती लागत नाही, ती बाईच्या दाराशी नेण्यावर पैसा घालावा.

तुम्ही महाराष्ट्रात शिकता म्हणून एक तुलना उपयोगी पडेल. भारतात गरोदर स्त्रियांना या प्रतिबंधक गोळ्या देत नाहीत, आपल्याकडचा प्रसार वेगळा आहे. पण २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारने कशाकशाची जबाबदारी घेतली ती यादी काढून पाहा: औषधं, तपासण्या, रुग्णालयातलं जेवण, रक्त, आणि घरून दवाखान्यात व परत घरी नेणारं वाहन. अंमलबजावणी कुठे बरी, कुठे वाईट, गडचिरोलीच्या दुर्गम पाड्यांत ती कशी आहे यावर वेगळं लिहावं लागेल. पण ती यादी करणाऱ्यांना बाईचा पैसा कुठे जातो ते ठाऊक होतं. आफ्रिकेतल्या कुठल्याही देशाच्या ‘मोफत मातृसेवे’शेजारी ही यादी ठेवा आणि कुठला रकाना रिकामा आहे ते पाहा. बहुतेक वेळा तो वाहनाचा असेल, नाहीतर रक्ताचा.

मोफत हा शब्द कायमचाही नसतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली. त्या मदतीतून पट्ट्या, गोळ्या, मच्छरदाण्या येत होत्या. साठा तुटला की आजार थांबत नाही, फक्त बिल सरकारी कपाटाकडून घराकडे सरकतं. तुमची पाहणी त्यानंतरची असेल तर दवाखान्यातला साठा प्रत्येक भेटीच्या दिवशी नोंदवा, नाहीतर वाढलेल्या खर्चाचं कारणच सापडणार नाही.

प्रश्नावलीबद्दल थोडं. दवाखान्याच्या दारात मुलाखत घेतली तर न आलेल्या बाया सुटतात आणि घरी गेल्यानंतरचा खर्चही सुटतो, म्हणून काही मुलाखती घरोघरी घ्याच. आठवणीचा काळ दोन ते चार आठवड्यांचा ठेवा, मात्र रुग्णालयात दाखल झाल्याचं विचारताना पूर्ण गर्भारपण धरा. बाईच्या घरकामाची किंमत शून्य धरू नका. ती आजारी असताना पाणी कुणी भरलं, धान्य कुणी कांडलं, शाळेतून कुठली मुलगी घरी राहिली, हे विचारा. पैसे कुठून आणले हा प्रश्न किती खर्च झाला या प्रश्नाच्या आधी ठेवा. माणसांना रक्कम विसरायला होते, पण शेळी कधी विकली ते आठवतं, आणि तिथून रक्कमही आठवते. नायरात किंवा मेटिकालमध्ये (मोझांबिकचं चलन) मूळ आकडे द्या, डॉलर शेजारी. २०२३ नंतर नायरा इतका घसरला की नुसत्या डॉलरात पाहिलं तर नायजेरियातलं आजारपण स्वस्त झाल्यासारखं दिसेल.

आणि ज्या बायकांनी काहीच खर्च केला नाही त्यांना ‘खर्च नाही’ या एका गटात कोंबू नका. त्यांचे तीन गट करा: ज्यांना सगळं खरोखर मोफत मिळालं, ज्यांना उपचाराची गरज वाटली नाही, आणि ज्यांना जायचं होतं पण जाता आलं नाही. तिसऱ्या गटाला कारण विचारा आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या नोंदींत असेल.